ट्राउटचा सीझन आणि मेव्हणीची तब्येत

३ जानेवारी. सकाळी सात.
ठरलं. परदेशात जाऊन फ्लाय फिशिंग करायचं. ही साधी मासेमारी नव्हे. दोऱ्याची खोटी माशी बांधून पाण्यावर तरंगवायची, की ट्राउट नावाचा खानदानी मासा फसतो. न्हाव्याकडच्या मासिकात फोटो पाहिला. माणूस कमरेइतक्या नदीत उभा, चेहऱ्यावर काय शांती! चाळीस वर्षं शिंपीकाम केलंय. दोरा, गाठ, बोटं, सगळं तयार. फक्त मासा यायचा बाकी.
योग असा, की हिची थोरली बहीण तिथेच नदीकाठच्या गावात राहते. अंथरुणाला खिळलीये. डॉक्टरांनी मार्चअखेरची मुदत दिलीय. ही म्हणाली, ताईला एकदा बोलती बघू दे, मग काही मागणार नाही. म्हटलं, अगं जाऊच, एका दगडात दोन पक्षी! तर विचारते, दगड कुणाला मारणार? म्हणी कळायला डोकं लागतं.

१२ जानेवारी.
गच्चीवर सराव. काठी मागे न्यायची, थांबायचं, पुढे फेकायची. गळ शेजारच्या हेडमास्तरांच्या वाळत घातलेल्या पायजम्यात अडकला. म्हणाले, मोठा लागलाय, सोडू नका. जळतो मेला.

२७ जानेवारी.
एकवीस माश्या तयार. रेशमी दोरा, आत अस्तर, एकीला बारीक बटण. बादलीत सोडल्या. सगळ्या तळाला. बादलीतलं पाणी पातळ असतं, नदीचं दाट असणार. लेक आली होती. म्हणाली, बाबा, माशीला बटण कशाला? फिनिशिंग, दुसरं काय!

६ फेब्रुवारी.
तिकीटवालीकडे जाऊन आलो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सीट आहेत म्हणाली. विचारलं, तेव्हा ट्राउट वर येतो का? म्हणाली, काका, आम्ही फक्त माणसं नेतो. फ्लाय फिशिंगच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: मेच्या मध्याआधी पाण्यावर किडे नाहीत, आणि किडे नाहीत तर मासा नाही. अठरा मे नक्की केलं. हिला सांगितलं, मार्च फुल्ल आहे.
हे खोटं नव्हे. गिऱ्हाइकाला 'बुधवारी या' सांगतो तसं. चाळीस वर्षांत त्यापायी कुणाचं लग्न अडलं नाही. एक अडलं, पण तो नवरदेवच बेभरवशाचा होता.

२३ फेब्रुवारी.
ताईला कोट शिवा म्हणून हिने लोकरी कापड आणून दिलं होतं. सुंदर कापड. विचार केला, पडून असलेल्या बाईला कोट कशाला? माझं फिशिंग जाकीट कापलं. चौदा खिसे. उरलेल्यात ताईचा मफलर बसतो. गारठा गळ्यालाच तर लागतो. हिने पाहिलं, चौदाही खिसे एकेक करून मोजले. आवडलेलं दिसतंय.

९ मार्च.
व्हिडिओ कॉल. मेव्हणी उशीला टेकून होती, आवाज मात्र खणखणीत. काय हो शिंपीबुवा, माझ्या बहिणीला कधी आणताय? म्हटलं, अठरा मे. हसली. म्हणाली, मी काही तेवढी टिकत नाही, पण तुमच्या माशांना थांबायला सांगते. मरायला टेकलेलं माणूस असा विनोद करेल का? डॉक्टर उगाच घाबरवतात. ही फोननंतर स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिली. किती पाणी वाया!

२१ मार्च.
लेकीने तिकीटवालीला परस्पर फोन केला. सीट महिनाभर होत्या म्हणे. घरात आगडोंब. म्हटलं, मी सगळ्यांची सोय बघत होतो. लेक म्हणाली, सगळ्यांची म्हणजे तुमची आणि ट्राउटची. दोघींचे व्हिसा तिने जानेवारीतच करून ठेवले होते. उद्या निघतायत. मला विचारलंही नाही. विचारलं असतं तरी गेलो नसतो. मार्चमध्ये कोण जातं?

२४ मार्च.
लेकीचा फोन. पोचल्या. ताई काल रात्रीपर्यंत बोलत होती, दार वाजलं की विचारायची, धाकटी आली का? आता डोळे मिटलेत, हाक ऐकू येत नाही. ही हात धरून बसलीये. म्हटलं, बघ, झाली ना भेट! फोन कट झाला. रेंज नसावी.

२७ मार्च.
मेव्हणी गेली. फार वाईट झालं. चांगली बाई. आता मेमध्ये आजाऱ्याशेजारी बसण्यात वेळ जाणार नाही, एवढंच.

२२ एप्रिल.
व्हिसाची खिडकी. फॉर्मवर 'भेटीचं कारण' म्हणून मेव्हणीचं आजारपण लिहिलं होतं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, पेशंट कशा आहेत? म्हटलं, वारल्या. मग भेटणार कुणाला? थाप मारता आली असती, पण तो माझा स्वभाव नाही. ट्राउटला, म्हटलं. नामंजूर.

१८ मे. सकाळी अकरा.
ही परत आल्यापासून लेकीकडेच आहे. रोज या वेळी फोन करतो. लेक उचलते, म्हणते, आई झोपलीये. आज काळजी वाटून नीटच विचारलं, भरदिवसा एवढी झोप कशी? म्हणाली, तुमचा फोन वाजला की झोपते, बाबा. एरवी जागीच असते.
ऐकून बरं वाटलं. एकेचाळीस वर्षांचा संसार! नुसती रिंग ऐकली तरी तिचा जीव शांत होतो.