प्रकाशला द्यायचा शब्द

२९ नोव्हेंबर १९८७, रविवार
नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. भक्तीनंतर चिठ्ठ्यांचं ताट फिरलं. ज्याचं नाव हाती येईल त्याच्यासाठी नाताळभर प्रार्थना करायची, आणि एक जानेवारीला सर्वांसमोर उभं राहून त्याला वर्षाचा शब्द, म्हणजे वर्षभर जपायचा एखादा गुण, द्यायचा. तोवर कोणाला सांगायचं नाही. मनात म्हणत होतो, कोणीही येवो, तो नको. तोच आला. प्रकाश.
पाळकसाहेब हसले. "शामराव, चेहरा का उतरला? अवघड माणूस आला काय?"
बाकी सगळ्यांना तो सोपाच वाटतो.

२ डिसेंबर
प्रार्थनेला बसलो. त्याचं नाव घेतलं की पुढे काही सुचत नाही. बेटेगावात कोणाच्या तरी ओट्यावर मंडळी जमायची, तेव्हापासून पेटी माझ्याकडे. डोक्यावरून नेलीय. हा पावसाळ्यानंतर नगरहून बदली होऊन कॉलनीत आला. दिवाळीच्या सुमारास पा.सा. म्हणाले, "शामराव, तरुणांना जरा पुढे येऊ द्या." म्हटलं, हो की. मीच पेटीवरून उठून जागा दिली. सगळे म्हणाले, शामरावांचं मन मोठं.

६ डिसेंबर, रविवार
नाताळच्या गीतांची तालीम. प्र.ने माझीच चाल घेतली, पण दुसरी ओळ वर चढवली. माझा गळा तिथे कधीच पोचला नाही. म्हाताऱ्या मार्थाबाई रडल्या. माझ्या गाण्याला त्या झोपल्या आहेत, रडल्या कधीच नाहीत.
घरी शांता तांदूळ निवडताना तीच ओळ गुणगुणत होती. त्याच्यासारखी वर चढवून.
"माझी चाल विसरलीस?"
"अवो, ही पण तुमचीच हाय ना!"


१५ डिसेंबर
सेकंड शिफ्ट. जायच्या आधी शब्द सापडला. नम्रता. शास्त्रातला आहे, कोणी बोट ठेवू शकणार नाही. सापडल्यावर अंगात ऊब आली. प्रार्थनेतून मिळालेल्या शब्दाने अशी ऊब येते का?

२४ डिसेंबर
शांताने विचारलंच. "काय देताय त्याला?"
"सांगायचं नसतं."
"नका सांगू. तोंडावर दिसतंय. शब्द द्या म्हंजे झालं, थापड नको."
मी करंज्यांच्या कडा दुमडायला घेतल्या. ती तळत राहिली.

१ जानेवारी १९८८
दिला.
त्याने गुडघे टेकले. केसांना तेल, नवा शर्ट. खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "प्रकाश, देवाने तुझ्यासाठी मला शब्द दिला, नम्रता." मागे कोणीतरी खाकरलं. पुढे बसलेल्या दोघी एकमेकींकडे बघून गालात हसल्या. त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, "आमेन, काका."
देवाने दिला, असं मी म्हणालो. सगळेच तसं म्हणतात.
मला मार्थाबाईंनी 'आनंद' दिला. "आंबट तोंड करून फिरतोस रे, म्हणून." सगळे हसले. मीही.

३ जानेवारी, रविवार
प्र. मागे बसला, पार चपलांजवळ. पा.सा. बोलवायला गेले, तर म्हणाला, "साहेब, या वर्षी इथेच बरा. शब्द मिळालाय." पेटी माझ्याकडे आली. हवी होती ती मिळाली. वाजवली. सूर चुकला नाही कुठे, मंडळीही बरोबर गात होती. पण गाणं उठलं नाही. सतरंजीवरच पडून राहिलं.

१० जानेवारी, रविवार
भक्तीनंतर तो सतरंज्या झटकून गुंडाळत होता. मार्थाबाई मला म्हणाल्या, "पोरगा सोनं हाय रे. तूच वळखलास." आधी त्याच्या गळ्याचा हेवा, आता याचा. शब्द मीच दिलेला, आणि तोही त्यालाच शोभतो.
पा.सा.ना विचारलं, दिलेला शब्द परत घेता येतो का.
"का? चुकला?"
"नाही, सहज."
त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

१६ जानेवारी, शनिवार
शिफ्ट सुटल्यावर कॉलनीत गेलो. सांगून टाकायचं, म्हणूनच गेलो होतो. त्याने स्वतः चहा केला. म्हणाला, "काका, शब्द दिलात ते बरं केलंत. नगरलाही गाण्यामुळे माझं डोकं हवेत गेलं होतं. ही म्हणते, काकांनी बरोबर ओळखलं."
मी काही ओळखलं नव्हतं.
"घरी तरी गातोस ना?"
"नाही हो. तोंड उघडलं की तुमचा हात खांद्यावर आहे असं वाटतं."
चहा संपवला. त्याच्या बायकोने बोरं बांधून दिली. घेतली आणि आलो. तोंडाशी आलेलं तसंच राहिलं.
उद्या रविवार. पेटी पुढे ठेवायची, चपलांजवळ त्याच्या शेजारी जाऊन बसायचं, आणि शब्द कुठून आला होता ते त्याच्या कानात सांगायचं. ठरवलं आहे. मग तो उठेल. गाईल. ती ओळ वर चढवेल, मार्थाबाई रडतील, शांताही. आणि मला ते मागे बसून ऐकावं लागेल, सगळं, शेवटच्या कडव्यापर्यंत.
प्रभू, एवढं बळ दे.