मारुतीच्या पायरीवरचं दगडफूल

१ सप्टेंबर १९७९
डेहराडूनहून यज्ञेश्वरचं पत्र. हिमनदी मागे सरकली की दगडांचे ढीग राहतात. त्यांवर दगडफूल किती वाढलंय ते मोजून ढीग किती जुना ते काढायचं, हे याचं संशोधन. आपण मसाल्यात घालतो त्याचंच भावंड. पण वाढीचा रेट कळायला साल माहीत असलेला एक दगड लागतो, तो मिळत नाही म्हणे. तिथे सहा वर्षांची नोकरी मिळते आहे, दिवाळीला येऊन बोलतो. मी पोराला अडवणार नाही. मुळीच नाही.

३ सप्टेंबर
दगड सापडला! गल्लीतल्या मारुतीची पायरी. वर कोरलंय, शके १८२२. म्हणजे सन १९००. शिवणाच्या टेपने मोजलं. दगडफूल चार सेंटिमीटर. वर्षाला अर्धा मिलिमीटर! मॅट्रिकला गणितात एकोणसत्तर होते, उगीच नाही. आता त्याने इथेच राहून अभ्यास करावा. हे अडवणं नव्हे, सोय आहे.

८ सप्टेंबर, शनिवार
ह्यांना सांगितलं. म्हणाले, आणि बर्फ कुठून आणणार, आइसफ्रूटच्या गाडीवरून? मी मारुतीला नवस बोलले, पोरगा इथेच राहू दे. आजपासून रोज देवाला तेल, उरलेलं पायरीवरच्या दगडफुलाला. वाया नको.

२२ सप्टेंबर
फुलवाली अंबूबाई ओरडली, अवो वैनी, देव आत हाय की! पायरीला कशाला त्याल? माणसं पडत्याली घसरून! कडेलाच घालते, म्हटलं. तिला रिसर्च काय सांगायचा.

६ ऑक्टोबर
दगडफूल काळंभोर झालंय. तेज चढलं. माप मात्र कमी भरतं. टेप ताणली असावी.

१९ ऑक्टोबर, सकाळ
यज्ञेश्वर आला. चहाआधीच पायरीशी नेलं. त्याने नख लावलं तर सगळा पोपडा हातात. म्हणाला, आई, तेल घातलंस? मेलं गं हे. मग हसला. असतं तरी उपयोग नव्हता म्हणे, तिथली थंडी वेगळी, रेट वेगळा. नोकरीला होकार त्याने महिन्यापूर्वीच कळवलाय.
चहा गार झाला. परत गरम केला.

२४ ऑक्टोबर
गेला. चकलीचा डबा दिला. स्टेशनवर म्हणाला, सहा वर्षं म्हणजे काय गं, तीन मिलिमीटर. घरी येऊन टेपवर पाहिलं. तिळाएवढं. खरंच काही नाही.
दुपारी पायरी सोड्याने घासली. नवीन दगडफूल तिळाएवढं झालं की तो येईलच. नुसतं उगवायलाच दहा वर्षं लागतात, असं म्हणाला खरा. पण ते तिकडच्या थंडीत. इथे रेट वेगळा.