सासूबाईंच्या गाडीतली चोरहवा

९ नोव्हेंबर, सोमवार

सासूबाईंची गाडी गॅरेजात आली. म्हणजे त्याच चालवत घेऊन आल्या — वय एकाहत्तर, आरसे नीट लावलेले, हँडब्रेक करकचून ओढलेला. समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला. स्कॅनर लावला. पी शून्य एकशे एकाहत्तर. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही बातमी देतो सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर, आणि गिऱ्हाइकं म्हणतात, त्यालाच बदला! खरं बोलणाऱ्याचं सगळीकडे असंच.

सासूबाई तसं म्हणाल्या नाहीत. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. किती दिवस लागतील, एवढंच विचारलं. रविवारी बहिणीकडे जायचंय. चार तासांचा रस्ता, एकट्या.

मी पाना खाली ठेवला. सासरे गेले तेव्हा ही बहीण, म्हणजे बायकोची मावशी, आली नव्हती. तेव्हापासून सहा वर्षं दोघी बहिणींत एक शब्द नाही.

१० नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं. गाडी जागेवर चालू ठेवली की कॉम्प्युटर पंचवीस टक्के जास्तीचं पेट्रोल ओततोय. रेस वाढवली की सात-आठवर उतरतो. म्हणजे पेट्रोल कमी पडत नाहीये, कुठून तरी चोरहवा शिरतेय. हवेच्या पाइपांवर एकेक करून क्लीनर फवारला. एका जागी इंजिनाचा सूर बदलला. रबरी पाइप, खालच्या अंगाला चीर. वीस मिनिटांचं काम.

जेवताना बायकोला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "इतक्यात दुरुस्त करू नका."

मग कारणं. आईचं वय, हायवे. आणि मावशी. बाबांच्या वेळी जी फिरकली नाही, तिच्या दारात आईने का जावं? हा रविवार टळू दे, मग बघू.

मी हो म्हणालो. मी नेहमीच हो म्हणतो, संसार असाच टिकलाय.

११ नोव्हेंबर, बुधवार

सासूबाईंचा फोन. नवा सेन्सर मागवलाय म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, सेन्सर बिघडलाय हे कशावरून? तो खरंच सांगत असेल तर?

मी म्हणालो, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. अडकित्त्यातली सुपारी झालोय. पण सुपारीला निदान कुणी प्रश्न विचारत नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

गाडीवर कव्हर घातलं. सारखी डोळ्यांसमोर नको.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

डबा खाऊन आलो तर कव्हर घडी करून स्टुलावर, आणि सासूबाई बॉनेटपाशी. आकडे दाखवा म्हणाल्या. दाखवले. त्यांनी मला रेस वाढवायला लावली, कमी करायला लावली, पुन्हा वाढवायला लावली. आकडे बघून मान हलवली, वाकल्या, कान लावला. फुस्स आवाज येत होताच. चिरेवर बोट दाबलं. आवाज बंद, आकडा खाली. पाच मिनिटं लागली असतील. मला मंगळवारी अर्धा दिवस लागला होता, हे लिहायला नको होतं.

"जावईबापू, हे तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

कुणाच्या सांगण्यावरून, ते विचारलं नाही. लेक कुणाची आहे ते त्यांना ठाऊक आहे. हात पुसत शांतपणे म्हणाल्या, "बहिणीनं फोन केला. एकच शब्द बोलली — ये. पुन्हा कधी म्हणेल, सांगता येत नाही."

पाइप त्यांच्यासमोरच बदलला. कोड पुसला, एक चक्कर मारून आलो. दोन टक्के. दिवा बंद. सासूबाई गाडी घेऊन गेल्या. मला शाब्बास म्हणाल्या, ते मात्र फार लागलं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं.

१४ नोव्हेंबर, शनिवार

ही बोलत नाही. चहाचा कप मात्र बोलतो — कसा आदळलाय त्यावरून. दुपारी आईला फोन लावला, दोन मिनिटांत ठेवला. मग तासभर कपाट आवरत बसली. आवरलेलंच कपाट.

१५ नोव्हेंबर, रविवार

उठलो तर घरात ही नाही. किटलीखाली चिठ्ठी — आईबरोबर जातेय, ती एकटी कशी जाईल.

दुपारी तिचा फोन आला. मागे दोघी बहिणी एकाच वेळी बोलत होत्या. भांडतायत का, विचारलं. नाही म्हणाली. मग हळूच म्हणाली,

"बाबा गेले तेव्हा मावशी हॉस्पिटलात होती हो. ऑपरेशन होतं. आईला आत्ता काही कळवू नका, असं तिनंच तिच्या घरच्यांना बजावलं होतं. नंतर आपल्यातल्या एकानेही विचारलं नाही, का आली नाहीस म्हणून."

दोन दिवस राहतायत.