माजघरात भिंत न घालण्याबद्दल

मी, विठू महादू देसले, वय वर्षे ६८, निवृत्त मास्तर, राहणार वैशाखरे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे. शरीर थकले तरी डोके ठिकाणावर आहे. घरातल्यांचे मत वेगळे आहे. ते येथे विचारात घेऊ नये. हा लेख कोणाच्या दडपणाशिवाय, परंतु फार वैतागून, लिहून ठेवीत आहे.

घर माझ्या स्वकष्टाचे आहे. पूर्वेकडचा भाग थोरला मुलगा वाल्मिक यास, पश्चिमेकडचा धाकटा काळूराम यास, मधले माजघर सासरहून परतलेली कन्या राही हिला. दोघां भावांस माजघरातून जाण्यायेण्याचा हक्क राहील, भिंत घालण्याचा नाही. जो घालील त्याचा भाग राहीकडे जाईल.

कारण लिहितो. मी पांगाऱ्याच्या लाकडाचे विमानाचे पंखे करतो. पाते काचेने खरवडून इतके पातळ आणतो, की उजेडात धरले तर पलीकडचे बोट दिसावे. विमान पतंगाच्या कागदाचे, पोटात पिळलेला रबर. अंगणात ते वारा नेतो. कौलापर्यंत मोकळ्या माजघरात मात्र भुजंगप्रयाताचा अख्खा श्लोक म्हणून होईपर्यंत फिरते. शाळेत पोरे एका सुरात कविता म्हणत आणि मी खिडकीबाहेर पाहत असे, तसे वाटते. दुसरे कसे सांगू?

गेल्या वर्षी वाल्मिकाने दारांबरोबर माझ्या सर्व पंख्यांनाही बेलतेल लावले. "वाळवी लागंल म्हनून लावलं, आबा. चकाकतात बघा कशे!" चकाकतात. तेल पिऊन जड झाले, उडत नाहीत. ते सर्व त्यालाच देतो. नवे पंखे व खरवडण्याची काच राहीला. तिचा हात हलका आहे.

भिंतीचे कलम वाचून दाखवले. वाल्मिक म्हणाला, "मधी भित नाय तर आमच्या बायका रोज भांडतील." काळूराम म्हणाला, "खेळन्यापायी घर अडवून ठेवायचं का?" दोघांचे जन्मात प्रथमच एकमत झाले.

साक्षीदार नवशा अडून बसले. "मास्तर, उडतंय ते डोळ्यांनी बघीन, मंगच सही." म्हणून राहीने विमान सोडले. चुलीकडच्या दारातून झुळूक आली, विमान कलंडू लागले. "दार लाव गो राही, वारा येतोय!" वाल्मिक ओरडला, आणि स्वतःच धावत जाऊन दार लोटून त्याला पाठ लावून उभा राहिला. विमान खाली टेकेपर्यंत त्याने श्वास सोडला नाही.

तरीही कलम कायम ठेवले आहे. मुलगा माझाच आहे, उद्या पुन्हा भिंत म्हणेल.

वाचून पाहिले, मान्य आहे.

विठू महादू देसले, सही दस्तुरखुद्द
साक्षीदार : नवशा देवजी भोईर (विमान पाहून), कोंडू काळू पष्टे
मुक्काम वैशाखरे, ता. ९ फेब्रुवारी १९४१