चाचणी नावाचा पेशंट

ती. मामांना,

भाचीचा नमस्कार. पाया पडते असं लिहायचं असतं, पण गेल्या आठवड्यापासून मी वाकले की हात आपोआप छातीवर जातो, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घ्या. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमची तब्येत विचारत नाही, कारण 'ठणठणीत' हे तुमचं एकच उत्तर असतं (तेही मध्ये दम खाऊन).

मामा, मी मरता मरता वाचले. म्हणजे मरत नव्हतेच, पण ते मला मागाहून कळलं. माझी इकोची खोली तुम्हाला माहीत आहे: पडदे ओढलेले, दिवा बंद, आणि आडव्या माणसाच्या छातीवर जेल लावून, प्रोब टेकवून त्याचं हृदय पडद्यावर बघणारी मी. तिथल्या मशीनमध्ये आता नवा प्रोग्राम बसवलाय. एकाच माणसाच्या वर्षभराच्या अंतराने काढलेल्या दोन फिल्म दिल्या, की हृदयाची झडप पुढे किती अरुंद होत जाईल ते तो सांगतो. नुसतं सांगून गप्प बसेल तर शपथ. पुढच्या वर्षांची फिल्मही बनवून दाखवतो. अजून न पडलेले ठोके डोळ्यांदेखत पडतात. (पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सरळ बाहेर जाऊन उभी राहिले. तिथे झाडूवाल्या मावशी होत्या, त्यांचा मला फार आधार वाटला.)

आता माझी जुनी खोड. रोज सकाळी पेशंट यायच्या आधी मी प्रोब स्वतःच्याच छातीवर टेकवून मशीन नीट चालतंय ना ते बघते, आणि ती फिल्म 'चाचणी' या नावाखाली ठेवते. पेशंटचं नसलेलं जे काही असेल ते तिथेच जातं. मंगळवारी प्रोग्रामने आपण होऊन (कोणी विचारलं होतं?) 'चाचणी' या पेशंटचा अंदाज काढून ठेवला. झडप आत्ताच निम्म्याहून कमी उघडते, अडीच वर्षांत नुसती फट उरेल.

मी ती पुढची फिल्म लावली. कोणी चोरून दार किलकिलं करावं तशी ती राखाडी झडप उघडत होती. दर सहा ठोक्यांनंतर थांबायची. मीही श्वास रोखायची. मग पुन्हा सुरू. अंधारात मी माझं अडीच वर्षांनंतरचं हृदय बघत होते आणि आत्ताचं कानात धडधडत होतं. दोघांचा ताल जुळत नव्हता, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. त्याऐवजी मी घरी जाऊन कपाट आवरलं, नवऱ्याशी तीन दिवस गोड बोलले (तो घाबरून मलाच डॉक्टरकडे न्यायला निघाला), आणि सासूबाईंची कात्री मीच हरवली होती हे कबूल करून टाकलं. ते आता मागे घेता येत नाही.

शेवटी शुक्रवारी आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला आडवं करून स्वतः तपासलं. झडप कोरी करकरीत! "अगं, कुणाची फिल्म बघून रडत होतीस?" म्हणाल्या.

तेव्हा हे सगळं हसण्यावारी न्या, आणि मामींना नमस्कार सांगा.

तुमची भित्री भाची

ता. क. – माझ्या सकाळच्या फिल्म दोन-तीन ठोक्यांच्याच असतात, प्रोग्रामने त्या टाकून दिल्या. 'चाचणी'त पुरेशा लांबीच्या दोनच निघाल्या. एक गेल्या वर्षीची, एक मागच्या महिन्यातली. दोन्ही वेळा तुम्ही मला भेटायला आला होतात आणि "बघ गं, मला हृदय आहे का, तुझ्या मामीला शंका आहे" म्हणत पलंगावर आडवे झाला होतात. मी हसत होते मामा. पडद्याकडे नीट बघितलंच नाही. चूक माझी आहे आणि मला फार अपराधी वाटतंय.

आणखी एक ता. क. – सोमवारी सकाळी नऊला या. डॉक्टरीणबाईंनी वेळ राखून ठेवलीय. झडप बदलता येते. वेळेवर बदलली तर ती पुढची फिल्म खोटी ठरेल, असं त्या म्हणाल्या.

शेवटचा ता. क. – मामींना काही सांगू नका, असं लिहिणार होते. पण काल फोनवर मी सहज विचारलं, मामा हल्ली जिना कसा चढतात? म्हणाल्या, "सहा पायऱ्या चढतात, थांबतात, मग पुन्हा." मग मी सोमवारचं सगळं सांगून टाकलं. आज सकाळी त्यांचा फोन आला. तुमची पिशवी त्यांनी भरून ठेवली आहे.