‘आम्ही’मधला एच

अकोला,
रविवार, २३ सप्टेंबर २०१८

प्रिय बेबीताई,

होस्टेल सुटल्यापासून मी तुला पत्र लिहिलं नाही. आजही फोनच केला असता, पण बुधवारपासून तू माझा फोन घेत नाहीस, आणि व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर धाकटा अंकुर तुझ्या हातातून मोबाईल घेऊन घरभर वाचून दाखवेल. हे तू एकटीनं वाचावंस असं आहे. वाचून झाल्यावर फाडलंस तरी चालेल.

काल आईशी बोलले. ती म्हणाली, “बेबी म्हणते, मले नाई भराचा दहावीचा फारम. आन् चंदाले म्हणा, तिचा तो डब्बा घेऊन जाय.” आईला वाटतंय नेट चालत नाही म्हणून तू चिडलीस. मी “हो, बघते” एवढंच म्हणाले. नेट चांगलं चालू आहे हे मला माहीत आहे, आणि तू का चिडलीस हेही. आईला ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

पोळ्याला मी तो राऊटर घेऊन आले तेव्हा किती मिजास होती माझी! त्याच्या दोन अँटेना पाहून आई म्हणाली होती, “शिंगं हायेत याले, पोळ्यालेच आणलं पोरीनं,” आणि बैलांचं झाल्यावर तिनं खरंच त्यालाही कुंकू लावलं. मी ते पुसून टाकलं. आधी धान्याच्या कोठीवर ठेवला तर आतल्या खोलीत रेंज येईना, पत्र्याची कोठी आड येत होती. मग तू स्टूल धरलंस आणि मी वरच्या फळीवर खिळा ठोकला. मी मोबाईलवर राऊटरचं पान उघडलं, नाव बदललं, सिक्युरिटी निवडली, आणि पासवर्ड काय ठेवू म्हणून मोठ्यानं विचार करत बसले. तू विचारलंस, “लाईट गेली तं इसरते काय हे पासवर्ड?” किती बरोबर प्रश्न होता तो. कंपनीत नवीन आलेले ग्रॅज्युएटही विचारत नाहीत. आणि मी हसले होते. पहिल्यांदा मी तिथे हसले, ताई. बुधवारी नव्हे.

पासवर्ड मी ठेवला ‘आम्ही शिकू’. कॉलेजात मी भाषणात म्हणायचे ना, तसंच. घरात ज्याला ज्याला नेट लागेल त्याला दर वेळी हे दोन शब्द लिहावे लागतील, याचं मला फार कौतुक वाटलं. तुझा मोबाईल त्या दिवशी काच बदलायला वरूडला दिलेला होता. मी एका कागदावर मराठीत ‘आम्ही शिकू’ लिहून कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि सांगितलं, इंग्रजीत टाकायचं, सगळी छोटी अक्षरं, मधे जागा नाही. इंग्रजी अक्षरं मांडून दिली नाहीत. तू स्वतः जुळवलंस तर शिकशील, असं म्हणाले. मास्तरीणच झाले होते मी.

आता बुधवारचं. माझं काम तुला माहीत आहे. लोकांचं वायफाय बंद पडलं की ते आमच्याकडे फोन करतात आणि आम्ही इथून सांगतो, राऊटरच्या मागचं बटण दाबा, पासवर्ड पुन्हा टाका. पण हे मी तुला कधी सांगितलं नाही की पहिले पंधरा दिवस मला फोनवर बसूच दिलं नव्हतं. आमचे भगवंत सर समोर बसवून म्हणवून घ्यायचे, “आमी नाही, आम्ही. तुमी नाही, तुम्ही.” मी खोलीवर आरशासमोर उभी राहून तो ‘ह’ घोटला. पोटातून हवा काढावी लागते. आता तो आपोआप येतो. मला वाटायचं, तो आला म्हणजे मी काहीतरी झाले.

तुझा फोन आला तेव्हा जेवणाची सुट्टी होती. आम्ही सहा-सात जण टेबलाभोवती बसलो होतो. माझे हात पिठल्यानं भरलेले होते म्हणून मी कोपरानं स्पीकर सुरू केला. एवढं खरं आहे. तू म्हणालीस, “चंदे, हे तं चुकीचाच पासवर्ड म्हणून राहिलं. मी बरोबर तं लिवून राहिली.” मी विचारलं, काय लिहिलंस? तू एकेक अक्षर सांगितलंस. ए, ए, एम, आय. मला तिथेच कळलं. तू जसं बोलतेस तसं लिहिलं होतंस. एच नव्हता.

मी सांगायला हवं होतं, ताई, एमनंतर एच टाक. एका अक्षराचं काम. रोज तीसेक अनोळखी लोकांना मी हे न रागावता सांगते. पण समोर भगवंत सरांच्या ओठांवर हसू आलेलं मला दिसलं, आणि मी म्हणाले, पुन्हा सांग, ऐकू आलं नाही. तू पुन्हा सांगितलंस. टेबलावर कुणीतरी खुसखुसलं. मी तिसऱ्यांदा म्हणाले, अगं, शब्द काय आहे तो म्हणून दाखव मोठ्यानं. आणि तू म्हणालीस, “आमी शिकू! आमी शिकू लिवलं न बाप्पा, काहून नाई घेत?” मग सगळे हसले. मीही हसले. मला पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आलं होतं. हात भरले होते हे खरं असलं तरी पुढचं सगळं मी हात भरले म्हणून केलं नाही. त्यांच्यातली होण्यासाठी केलं.

“तिकडं हासून कोन राहिलं?” तू विचारलंस. आणि फोन ठेवलास.

मी पाचवीत होते तेव्हा तू नववीतून शाळा सोडलीस. वरूडला जायला घरात सायकल एकच होती. तू ती मला दिलीस असं आई सांगते, तू म्हणतेस माह्या डोक्यातच जात नव्हतं गणित. पण माझी गणितं तूच सोडवून द्यायचीस, संत्र्यांना गुंडाळायच्या कागदावर, पॅकिंगवरून दमून आल्यावर. सासर सोडून परत आलीस तेव्हाही लोकांच्या तोंडाकडे न बघता आठव्या दिवशी अंगणवाडीत मदतनीस म्हणून उभी राहिलीस. यंदा बोअर आटली, बाबांनी वाळलेली झाडं तोडली, आणि त्याच आठवड्यात तू मला विचारलंस की दहावी झाली तर सेविकेच्या जागेसाठी अर्ज करता येईल का. मी उड्याच मारल्या होत्या. त्यासाठीच तर राऊटर आणला. आणि मीच तुला असं केलं की तू आता मोबाईलला हात लावत नाहीस.

एक काम मात्र करते. राऊटरच्या आत शिरायचा वेगळा पासवर्ड असतो. तो मी कुणालाच सांगितला नव्हता, तुम्ही काहीतरी बिघडवाल म्हणून. तो सोबतच्या चिठ्ठीवर आहे, या वेळी इंग्रजी अक्षरांत, एकाखाली एक. आधी एच घालून मोबाईल जोड; आत जायचा पत्ता राऊटरच्या पोटावरच्या स्टिकरवर छापला आहे, तो मोबाईलवर टाक. आत गेलीस की ‘वायरलेस’ लिहिलेलं दिसेल, त्यात ‘पासवर्ड’. तिथलं खोडून तुझ्या मनाला येईल ते लिही, फक्त आठ अक्षरांच्या खाली नको, आणि ‘सेव्ह’ दाब. सगळ्यांचं नेट एकदम जाईल, घाबरू नको, नवीन पासवर्ड टाकला की येतं. अंकुर बोंबलेल. त्यालाही तुझ्याकडून मागून घेऊ दे. फॉर्मची मुदत तीस तारखेपर्यंत आहे. भर असं मी म्हणणार नाही. म्हणायचं तोंड मला उरलं नाही.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहायला बसले नव्हते. चार पानं झाली आणि अजून ते लिहिलं नाही. तू फोन ठेवल्यावर भगवंत सरांनी विचारलं, “कोण होती ही?” मी म्हणाले, “घरी कामाला येते, ती बाई.” ताई म्हटलं नाही. मी लगेच म्हणाले, विचार करावा लागला नाही. टेबलावर एकटी गजाला हसली नव्हती. ती पातूरची, तिचं बोलणं आपल्यासारखंच आहे, ती ते लपवत नाही. काल तिनं मला एक पिशवी आणून दिली. त्यात दोन साड्या आहेत, फॉल लावलेल्या, इस्त्री केलेल्या, आणि तिच्या भावाचं दहावीचं इंग्रजीचं पुस्तक. “तुमच्या त्या बाईले दे न चंदा,” म्हणाली, “या वयात शिकून राहिली बिचारी, मले लई चांगलं वाटलं.” आणि मी ती पिशवी घेतली. थँक यू म्हटलं. ती आता माझ्या खाटेखाली आहे. उद्या सोमवार. उद्या मी ती परत नेणार आहे आणि सगळ्यांसमोर सांगणार आहे की फोनवर होती ती माझी सख्खी मोठी बहीण. पण मी स्वतःला या बुधवारी पाहिलं आहे, माझा मला भरवसा नाही. म्हणून हे पत्र आत्ताच स्टेशनजवळच्या पेटीत टाकून येते. उद्या तिथे माझं तोंड उघडलं नाही, तरी तुला खरं माहीत असेल.

तुझीच,
चंदा