मिशी घेऊनच येतो

४ जानेवारी
आणि वर मलाच विचारतात, एवढी घाई कशाची? जन्मापासून थांबलोय. व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाईंचं म्हणणं, पहिल्या वर्षात मोठा निर्णय नको. हार्मोनच्या डॉक्टरचं म्हणणं, आधी बाईंचं पत्र आणा, मग पुरुषाच्या हार्मोनचं इंजेक्शन. दोघांच्या मधे माझा फुटबॉल. पाच महिने नशेच्या सुईला शिवलो नाही. आता तर ते डाव्या हातचा मळ.

६ जानेवारी
धाकट्या बहिणीचा, छोटीचा फोन. तिचं लग्न ठरलं, वीस एप्रिल. मी मुलगी म्हणून जन्मलो हे घरात सगळ्यांना माहीत. मी मुलगा आहे हे फक्त तिला. म्हणाली, "दादा, तू भाऊ म्हणून उभा राहायचंस. आई तुझ्यासाठी बायकांचे कपडे शिवायला टाकतेय." सांगितलं, मिशी घेऊनच येतो. जानेवारीत पत्र, फेब्रुवारीत इंजेक्शन, एप्रिलला मिशी. सोपं आहे.
सिगरेटही बंद. उद्यापासून.

१५ जानेवारी
लॉन्ड्रीत दुसरी पाळी. हॉटेलच्या चारशे चादरी. गरम रोलरला कोपर भाजलं. सुपरवायझर म्हणाला, मोबाईल बघत होतास. बघतच होतो. मिशा बघत होतो. पातळ ठेवायची ठरलं.
सिगरेट दोनच. भाजल्यामुळे.

३ फेब्रुवारी
बाईंकडे पत्र मागितलं. म्हणाल्या, दर आठवड्याला लघवीची तपासणी, ओळीने आठ स्वच्छ आल्या की लिहीन. म्हणजे एप्रिलच उजाडला. मी भांडलो. विचारलं, दारू सुटलेल्याला दाढी करायला तुमचं पत्र लागतं का. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुला अडवत नाही रे. सुई परत समोर येणार, तेव्हा तू एकटा नसावास एवढंच."
मुद्दा चांगला आहे. दुसऱ्या कुणासाठी.

१७ मार्च
सहा झाल्या, सहाही स्वच्छ. उरलेल्या दोन नावापुरत्या. डॉक्टरची नर्स म्हणते, वीस दिवसांत मिशी येत नसते. तिला माझी चिकाटी माहीत नाही. सुपरवायझरने लग्नासाठी आठ दिवसांची रजा दिली. नवा शर्ट घेतला, एक साईज मोठा. खांदे भरणार आहेत.

२२ मार्च
आईचा फोन. छोटीने तिला सांगून टाकलं. आई ओरडली नाही, तेच वाईट. म्हणाली, "तिचं लग्न होऊन जाऊ दे, मग तुला काय व्हायचं ते हो. तोवर येऊ नकोस."
मला काही वाटलं नाही. लवकर झोपलो.

२३ मार्च
जुन्या दोस्ताकडे गेलो. नुसता बसायला. त्याचा टीव्ही मोठा आहे.

२४ मार्च
तपासणीला गेलो नाही. पोट बिघडलं होतं.

२६ मार्च
एकदाच घेतलं. एकदा म्हणजे एकदाच. याला परत सुरू झालं असं म्हणत नाहीत.

३१ मार्च
तपासणीची पट्टी बघायच्या आधीच बाईंना म्हणालो, तुमच्या पट्ट्या जुन्या आहेत. त्यांनी फक्त विचारलं, किती वेळा. तीन म्हणालो. पाच होते. आता आठ तपासण्या पहिल्यापासून. पण बाईंनी माझ्यासमोर डॉक्टरला फोन केला, याची फाईल बंद करू नका म्हणाल्या. बाईंनी एवढा चेहरा पाडायची काय गरज होती कळलं नाही. जूनमध्ये होईल की.

१९ एप्रिल
छोटीचा फोन. आईला न सांगता ये, मागे उभा राहा, मिशी नसली तरी चालेल म्हणाली. मी म्हणालो, रजा मिळाली नाही.
रजा मिळालीय. तीन दिवस खोलीतच पडून आहे. खिशात पैसे असले की पाय दोस्ताकडे वळतात. म्हणून इंजेक्शनसाठी साठवलेले तिलाच पाठवतो, लग्नाचा आहेर म्हणून. बारा हजार जमले होते.
पाठवतोय दोन हजार तीनशे.